दोन मशिनं, एकच ओंडका

दुकानातून आणलेली वस्तू दुकानात होती तशी जावयाला बघवतच नसे, आणि वखारीच्या मालकीणबाईंचं, म्हणजे त्याच्या सासूबाईंचं, डोकं नेमकं तिथेच फिरायचं. घरात पंखा आला की त्याची पाती खाली उतरलीच म्हणून समजा. बायकोचा मिक्सर त्याने असा काही सुधारला की टोमॅटो झाकणासकट छताला जाऊन चिकटले. आता पाळी आली होती वखारीतल्या चेनसॉची. लाकूड कापायला बाईंनी दोन नवी कोरी मशिनं घेतली होती, जुळ्या भावांसारखी. त्यातल्या एकाचा सायलेन्सर खोलून त्याने रुंद केला, आतलं काय काय घासलं, आणि वर तोंड करून सांगितलं, "आई, हे आता दुसऱ्यापेक्षा कितीतरी भराभर कापेल."

"म्हणजे कंपनीवाले सगळे बिनडोक, आणि अक्कल काय ती तुमच्या पान्यात," बाई म्हणाल्या.

पण लेकीने मध्ये तोंड घातलं आणि गोष्ट पैजेवर गेली. जावयाचं मशीन सरस ठरलं, तर मागची पत्र्याची शेड त्याची. तिथे त्याने खुशाल दुनियेची मशिनं खोलत बसावं. हरलं, तर पाने-पक्कड पोत्यात बांधायचे आणि उद्यापासून बाईंच्या शेजारी बिलाच्या टेबलावर बसायचं, कायमचं. जावयाने त्या टेबलाकडे एकवार पाहिलं. त्याचा चेहरा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला.

सकाळी वखारीत कुणी कामाला हातच लावेना. भला जाड ओंडका कापायच्या लाकडी घोडीवर चढवला. ट्रकवाला बाईंच्या बाजूने उभा राहिला. म्हातारा हमाल जावयाच्या बाजूने गेला आणि म्हणाला, "हरलो तर आठवडाभर चहा माझा. पण हरत नाही."

जावई आपलं मशीन उचलायला वाकला.

"ठेवा खाली," बाई म्हणाल्या. "आपल्या वखारीत ज्यानं साखळीच्या दातांना कानस लावली, त्यानंच कापायचं. दोन्ही साखळ्यांना पहाटे मीच धार लावलीय."

"म्हणजे दोन्ही मशिनं तुम्हीच चालवणार?"

"का? माझे हात गळून पडलेत?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. बायकोने आभाळाकडे. वखारीचा नियम होता खरा, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

धार बाईंनी दोन्हीकडे सारखीच लावली होती. त्यात लबाडी करणं त्यांच्या हाताला जमलंच नसतं. पण कापताना हात जरा सैल सोडला, वरून भार दिला नाही, की भलंभलं मशीनही रडतं. हे त्यांनी रात्रीच मनाशी पक्कं केलं होतं. लेकीचा संसार पाने-पक्कडीवर चालत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

पहिलं मशीन दुकानातून आलं तसंच असलेलं. बाईंनी डोळ्यांवर जाळीचा चष्मा चढवला, हातमोजे घातले, पाय रोवले आणि सगळा भार टाकला. मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. चकती धप्पकन खाली पडली. "एकवीस सेकंद," लेकीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं. ट्रकवाल्याने मिशीला पीळ दिला.

मग बाईंनी जावयाचं मशीन घेतलं. दोरी ओढली. ते असं काही डरकाळलं की पत्र्यावरची कबुतरं उठून गेली. बाईंनी ठरल्याप्रमाणे हात सैल सोडला.

मशीन थांबलंच नाही. ते आपणहून लाकडात उतरलं, लोण्यात बोट जावं तसं. मनगटात कळ नाही, खांद्याला ओढ नाही. भुसा कारंज्यासारखा उडाला आणि ट्रकवाल्याच्या पीळ दिलेल्या मिशीवर बसला. बाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. लेक घाबरून पुढे धावली. मग तिच्या लक्षात आलं, आई हसतेय.

चकती पडली. बाईंनी मशीन बंद करायचं होतं. त्यांनी तिथल्या तिथे दुसरी चकती पाडली. मग तिसरी, पातळ, पापडासारखी. "आई, झालं," लेक ओरडली. बाईंनी मान हलवली आणि आणखी एक जाड चकती घेतली. आता लेकही हसायला लागली. हमाल गडगडत्या चकत्यांच्या मागे धावत सुटला. एक चकती थेट बिलाच्या टेबलाखाली गेली. जावई दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता, हसावं की मशीन वाचवावं ते कळेना. ओंडका संपला. बाईंची नजर घोडीकडे वळली, तेव्हा मात्र सगळे एका सुरात "नको" म्हणाले.

मशीन बंद झालं. बाईंच्या डोक्यावर, खांद्यावर, पदरावर भुसा. गाल लाल. श्वास लागलेला.

"किती?" जावयाने हळूच बायकोला विचारलं.

तिने मोबाइल पुढे केला. आकडे अजून पळतच होते. हसण्याच्या नादात तिने घड्याळ थांबवलंच नव्हतं.

"मग निकाल नाही, म्हणजे सरस ठरलं नाही," ट्रकवाला खुशीत येऊन म्हणाला. हमालाने कपाळावर हात मारला. जावयाने पाने गोळा करायला घेतले.

बाईंनी चष्मा काढला, हातमोजे काढले, कमरेची शेडची किल्ली सोडवली आणि जावयाच्या हातात ठेवली. काखेतलं मशीन मात्र खाली ठेवलं नाही.

"हे बघा जावईबापू, आजची चाचणी काही नीट झाली नाही, उद्या पुन्हा घेऊ, परवाही घेऊ. माझं समाधान होईस्तोवर शेड तुमची, आणि ह्या मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. समाधान माझं किती लवकर होतं, ते तुमच्या बायकोला विचारा."