साखळीची साक्ष

“ही नोंद मागाहून कोणी घुसडली नसेल, हे कशावरून?” सरकारी वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

“घुसडताच येत नाही,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून भाग्यश्री म्हणाली.

“वा! पुण्यात एक तरी गोष्ट अशी निघाली म्हणायची.”

कोर्टात हशा पिकला. भाग्यश्री हसली नाही. समोर आरोपी म्हणून उत्तरेश्वर उभा होता आणि मागच्या बाकावर त्याची बायको शालू पदराचं टोक चावत बसली होती.

बिबवेवाडीतल्या रंगाच्या गोदामाला भर सकाळी आग लागली होती. राखणदार दत्तोबा डबे वाचवायला आत धावला आणि दोन्ही हात भाजून बाहेर आला. गोदामाच्या मालकाने उत्तरेश्वरला नुकतंच कामावरून काढलं होतं, त्यामुळे संशय सरळ त्याच्यावर गेला. त्यात दत्तोबाने पोलिसांना सांगितलं, मागच्या दाराने पळताना मला तोच दिसला. उत्तरेश्वर मात्र पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होता. त्या वेळी मी कात्रजच्या कॅम्पमध्ये काविळीची लस घेत होतो.

तो कॅम्प भाग्यश्रीच्या छोट्या कंपनीचा. लस घेतलेल्या प्रत्येकाची नोंद ब्लॉकचेनवर ठेवणारी ‘लसमुद्रा’ तिने उभी केली होती. “लस टोचायला सिस्टर लागते, ब्लॉकचेन कशाला?” असं लोक तोंडावर विचारत. पैसे घालणारे एकेक करून मागे सरले होते. नारायण पेठेतलं ऑफिस बंद करायची वेळ आली होती, आणि नेमकी तेव्हा शालू दारात येऊन उभी राहिली.

“ताई, मला त्यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली होती. “पण तुमच्या कॉम्प्युटरात यांचं नाव आहे ना? तेवढं कोर्टात सांगा.”

भाग्यश्रीने नोंद उघडली. नाव होतं. आग लागली ती वेळही होती.

“साहेब, मी करून दाखवते,” आता ती न्यायाधीशांना म्हणाली. “प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीत अडकवलेली असते आणि अख्ख्या साखळीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एका ठिकाणी बदल केला, तर बाकीच्या सगळ्या तो नाकारतात.”

तिने लॅपटॉपवर उत्तरेश्वरच्या नोंदीतली वेळ बदलून पाहिली. पडद्यावर लाल पट्टी आली. बदल अमान्य. तिने सरकारी वकिलांना स्वतः प्रयत्न करायला सांगितलं. त्यांनी नाव खोडून पाहिलं, तारीख फिरवून पाहिली. दर वेळी लाल पट्टी.

“आणि ही नोंद मुळात झाली कशी?” त्यांनी कपाळाचा घाम पुसत विचारलं.

“उत्तरेश्वरच्या मोबाइलवर कोड गेला. सिस्टरांनी तो तिथल्या तिथे टाकला. लस दिली, नोंद बंद झाली.”

“मोबाइल त्याचाच?”

“त्याचाच.”

कॅम्पवरच्या, आनंदी नावाच्या सिस्टर साक्षीला आल्या. चेहरा आठवतो का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “नाही हो साहेब. रांग पार रस्त्यावर गेली होती. कोड विचारायचा, टोचायचं, पुढचा. पण नोंद माझीच आहे.”

शेवटी दत्तोबाला पुन्हा बोलावलं. त्याच्या दोन्ही हातांना अजून पट्ट्या होत्या.

“म्या बघितलंय त्येला. त्योच हाय.”

“एवढ्या धुरातून?” उत्तरेश्वरच्या वकिलांनी विचारलं.

“धूर हुता. पर डोळं बी हुतं की.”

कोर्ट पुन्हा हसलं. दत्तोबा गोंधळून इकडेतिकडे पाहत राहिला.

न्यायाधीशांनी उत्तरेश्वरला निर्दोष सोडलं. शालू धावत आली ती भाग्यश्रीच्या पायाशीच वाकली. भाग्यश्रीने तिला उचलून मिठी मारली. तिचेही डोळे भरून आले होते. इतकी वर्षं ज्या गोष्टीची टिंगल झाली, तिने आज एक संसार वाचवला होता.

बाहेर व्हरांड्यात दत्तोबा एकटाच भिंतीला टेकून उभा होता. भाग्यश्री त्याच्यापाशी थांबली.

“वाईट वाटून घेऊ नका, दत्तोबा. माणसाचे डोळे फसतात. साखळी फसत नाही.”

पट्टी बांधलेले हात छातीशी धरून दत्तोबा जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीचा फोटो पेपरात होता. मागे सरलेले लोक स्वतःहून फोन करू लागले. आरोग्य खात्याचे अधिकारी ऑफिसात येऊन ‘लसमुद्रा’ पाहून गेले आणि जाताना म्हणाले, “मॅडम, हे अख्ख्या जिल्ह्यात नेऊ.” ‘ब्लॉकचेन कशाला’ म्हणणाऱ्यांनीच पुष्पगुच्छ पाठवले. तिने ते टेबलावर एका रांगेत लावले आणि मनसोक्त हसून घेतलं.

पुढचा कॅम्प पुन्हा कात्रजलाच ठेवला. मंडपाला झेंडूची तोरणं, दारात सनई, वार्ताहर, कॅमेरे. पहिला मान उत्तरेश्वरचा. तुरुंगात असताना त्याचा दुसरा डोस राहून गेला होता, तो सगळ्यांसमोर द्यायचा, ही कल्पना भाग्यश्रीचीच.

तो नवा शर्ट घालून शालूबरोबर आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. भाग्यश्रीने त्याला हाताला धरून खुर्चीपाशी नेलं. टाळ्या वाजल्या. त्याच्या मोबाइलवर कोड आला, आनंदी सिस्टरांनी तो टाकला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव झळकलं. त्याखाली हिरव्या रंगात लिहिलं होतं, पहिला डोस पूर्ण.

“चला, तयार व्हा,” सिरिंजमध्ये औषध भरता भरता सिस्टर म्हणाल्या.

उत्तरेश्वर उभाच राहिला. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा सिरिंजकडे. मग भाग्यश्रीच्या कानाशी वाकून त्याने हळूच विचारलं, “ताई, ही सुई दंडात देतात का कमरेवर?”