जड पेटी

ब्रुकलिनच्या कबरस्तानात आईच्या थडग्यावर दर रविवारी कुणीतरी ताजी फुलं ठेवून जायचं. कोण, ते ग्रात्सिएलाला आज कळलं. काळी शाल पांघरलेली एक अनोळखी बाई तिथे गुडघे टेकून बसली होती.

"मावशी, तुम्ही माझ्या आईला ओळखायचात?"

"नाही गं." बाईंनी मान वर केली नाही. "तिला खांदा देणारे धापा टाकत होते म्हणे. खरं का?"

"हो ना! सहा तगडे गडी, तरी घाम फुटला. आई तर शेवटी नुसती हाडं उरली होती. शवपेटी अस्सल ओकच्या लाकडाची आहे, म्हणून जड, असं पेटीवाला म्हणाला."

"म्हणणारच मेला. इथल्या माफिया टोळीचाच माणूस तो. त्याच्या शवपेट्यांना तळाशी चोरकप्पा असतो." बाईंनी फुलं सारखी केली. "तुझ्या आईला पुरलं त्याच्या आदल्या दिवशी टोळीवाले माझ्या पोराला, निनोला, जेवायला म्हणून घेऊन गेले. अजून आला नाही."

ग्रात्सिएला थडग्याजवळ सरकली. मग बाईंना टेकून खाली बसली.

"आईला एकटीला कधी झोप यायची नाही, मावशी."