जिन्याखालची जागा

जिन्याखालचा पडदा सरकवून धम्मानंदनं टेप लावला. लांबी साडेपाच फूट, रुंदी सव्वादोन. निम्म्या जागेत उंचीच नव्हती, पण कसंबसं जमलं असतं. मग त्याची नजर खाली गेली. फरशीवर एक वाकळ घडी करून ठेवली होती. तिच्यात त्याच्या शाळेच्या निळ्या शर्टाचे तुकडे होते.

वसमतच्या या दवाखान्यात त्याची माय, चतुराबाई, चार वर्षं झाडूपोछा करत होती. दवाखान्यानं मागं खोली दिली आहे, पंखा आहे, नळ आहे, असं ती फोनवर सांगायची. तो नांदेडहून भेटायला आला की तीच बसस्टँडवर यायची. डॉक्टरांना खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळाची टाकी हवी होती. माझं लेकरू नांदेडच्या दुकानाकडून माशांच्या टाक्या बसवतं, असं तिनंच त्यांना सांगितलं. दुकानाच्या मालकानं पहिल्यांदाच सगळं काम एकट्या धम्मानंदवर सोपवलं होतं.

चतुराबाई मागं पोछा पिळत उभी होती.

"माय, हीच का ती खोली?"

"पाऊस लागत न्हाई इथं," ती म्हणाली.

काचेची टाकी बाहेर, पेशंट बसायच्या हॉलमधल्या भिंतीत बसली होती. पण प्रवाळाला तेवढ्यानं भागत नाही. खाली आणखी एक टाकी लागते, पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र लागतं, गाळलेलं पाणी वर चढवायला पंप लागतो. सकाळपासून त्यानं काउंटरमागं, खिडकीखाली, औषधांच्या कपाटाशेजारी मोजून पाहिलं होतं. कुठंच मावत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनीच जिना दाखवला होता.

डॉक्टर दारातून डोकावले. "बसतंय ना तिथं?"

"साहेब, टाकीच्या पाठीमागंच एक लहान फिल्टर टांगला तर..."

"प्रवाळ जगेल त्याच्यावर?"

नुसतं हो म्हणायचं होतं. दोन-तीन महिन्यांनी प्रवाळ पांढरं पडलं असतं, आणि दोष पाण्याला देता आला असता. धम्मानंदचे ओठ हलले, पण चतुराबाई आधी बोलली.

"न्हाई जगत, साहेब. त्यानंच मला समजून सांगितलं व्हतं. इथंच बसवू द्या."

"मावशी, तुमचं सामान?"

"माझं काय सामान. हलवते की."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

"काहून बोललीस तू?" धम्मानंदनं विचारलं.

"पयलंच काम हाय तुझं. प्रवाळ मेलं तर नाव तुझं जाईल."

त्यानं भिंतीला भोक पाडलं. पाइप जोडले, खालची टाकी आत सरकवली. ती भिंतीला घासून बसली. पंप बसवायला त्याला आडवं पडावं लागलं, तेव्हा जिन्याच्या पोटाला तेलकट डाग दिसला. उठताना मायचं डोकं रोज तिथं लागत असणार. तो डाग त्यानं फडक्यानं पुसला नाही.

संध्याकाळपर्यंत पाणी फिरू लागलं. डॉक्टर दोनदा येऊन पाहून गेले, खूश होते.

चतुराबाईनं वाकळ, ताट, तांब्या आणि बाबासाहेबांची तसबीर एका गाठोड्यात बांधली. तिचा चेहरा मोकळा झाला होता, जणू बरेच दिवस सांगायचं राहिलेलं एकदाचं सांगून झालं होतं.

"बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली. "आता तुझ्याच खोलीवर येते. दोघांना पुरंल म्हणून तूच म्हणून राहिला ना कवाचा? सकाळच्या बसनं कामाला येत जाईन."

"व्हय," धम्मानंद म्हणाला आणि त्यानं गाठोडं उचललं.

नांदेडात तो दुकानातच निजायचा, माशांच्या दोन टाक्यांमधल्या बोळीत, आणि मालक रोज बाहेरून कुलूप लावून जायचा.