कोपऱ्यातलं खोकं

पडद्यावरच्या गोदामात आप्पा शेवटचं खोकं ढकलायला निघाले, तशी वृंदा खुर्चीतून अर्धी उठली.

"आप्पा, थांबा. माझा चहा तरी होऊ द्या."

"चहा नंतर घे," हिरवी अक्षरं उमटली. "दहावी खोली सुटलीच समज!"

तेच तर तिला नको होतं. तिचे वडील, आप्पा, वारण्याआधी त्यांच्या मनाची नक्कल या खेळात उतरवून घेतली होती. पण ती फुकट वाटलेली, नमुन्याची फ्लॉपी होती. दहा खोल्या सुटल्या की खेळ पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि आप्पा सगळं विसरायचे. कॉम्प्युटर बंद केला तरी तेच; आणि ऑफिसातला हा कॉम्प्युटर घरी जाताना बंद करावाच लागायचा. मग ते वारल्याचं वृंदालाच त्यांना पुन्हा सांगावं लागायचं. पूर्ण खेळ विकणारी कंपनी तर केव्हाच बुडाली होती.

तिने बाणाच्या कळा दाबल्या, आप्पांना वळवलं आणि त्यांच्याच हातांनी खोकं कोपऱ्यात सारलं. या खेळात खोकं ढकलता येतं, ओढता येत नाही.

"मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"लहानपणीही डाव संपत आला की पट उधळायचीस. मी ड्यूटीवर जाऊ नये म्हणून."

"आता कुठेच जायचं नाही तुम्हाला."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

"मी अडकलो त्याचं काही नाही गं," आप्पांनी लिहिलं. "पण हे बंद करायचं नाही, तर तू घरी कशी जाणार?"

बाहेर थांबवलेल्या रिक्षाचा हॉर्न पुन्हा वाजला.