फेरात आलेली देवी

मिना फेरातच कोसळली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. बंजाऱ्यांच्या तिजेच्या सणाची गाणी म्हणणाऱ्या बायका थांबल्या. मग म्हाताऱ्या धुरपताबाईनं हात जोडले. "देवी आली गं अंगात!" म्हणत ती पोरीपुढं वाकली, आणि बघता बघता डोंगरकड्याजवळचा तो अख्खा तांडा वाकला.

"देवी न्हाई ती, मिरगी हाय! बाजूला व्हा!" मिनाची आई जमनाबाई जीव तोडून ओरडत होती. पण ऐकतो कोण! सगळे एकदमच जयजयकार करत होते.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या साली वसमतच्या डॉक्टरांनी जमनाबाईला नीट समजावलं होतं. डोक्यातल्या काही पेशी बोलतात, काही त्यांना गप्प करतात. गप्प करणाऱ्या आहेत म्हणून सगळं तालात चालतं. त्या कमी पडल्या की साऱ्या एकदम बोलायला लागतात, तीच मिरगी. गोळी या गप्प करणाऱ्यांना बळ देते. जमनाबाईला ते लगेच पटलं. फेरातही अर्ध्या बायका गातात तेव्हा अर्ध्या गप्प राहतात, म्हणून तर गाणं होतं. सगळ्यांनीच तोंड उघडलं तर नुसता कालवा.

तेव्हापासून मिनाला एकदाही झटका आला नव्हता. पण तिजेच्या दिवसांत तांड्यातल्या कुवार पोरी अळणी खातात, मिठाचा कण जिभेला लागू देत नाहीत. आणि मिना आईला म्हणाली होती, "याडी, गोळी खारट लागती गं." पोरीचा नेम मोडायला नको म्हणून जमनाबाईनंच गोळी बंद केली. सण सरला की सुरू करू, तेवढ्यानं काय होतंय! आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. पण त्यानं लेकराचे झटके थोडेच थांबणार होते?

ते आपोआपच थांबले. मिनानं डोळे उघडले. कपाळभर कुंकू, पायाशी नारळ. जमनाबाई घरात धावली आणि गोळी घेऊन आली. पोरीचं डोकं मांडीवर घेत म्हणाली, "घे माझे बाई. नेम मोडला तर मोडू दे."

मिनानं हात जोडून बसलेल्या बायकांकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग आईचा हात हळूच बाजूला सारला.

"नको याडी. पहिले झटका आला की ह्या समद्या मला चप्पल हुंगवायच्या. आज पाया पडल्या."