बैठकीची लाल भिंत

यांना लाल भिंत हवी होती. आम्ही जन्मभर भाड्याच्या पांढऱ्या खोल्यांत राहिलो. मी दरवेळी म्हणायचे, "पुढच्या घरात बघू."

हे गेल्यावर मी एकटीच या भाड्याच्याच घरात राहायला आले आणि बैठकीची एक भिंत लालभडक रंगवून घेतली.

"आजी, घरमालक आधी मलाच रंगवेल," रंगारी हसत म्हणाला.

भिंत वाळली. दाराजवळची तळहाताएवढी जागा मात्र ओलीच राहिली. बूट काढताना हे अगदी तेवढ्याच उंचीवर हात टेकायचे; भिंत नसली तर माझ्या खांद्यावर. पण या घरात ते कधी आलेच नव्हते.

रोज संध्याकाळी मी त्या जागेकडे बघत बसायचे. हात लावायचा मात्र धीर झाला नाही. शेवटी रंगाऱ्याला बोलावलं.

त्याने बोट लावलं. बोट लाल झालं.

"बाकी भिंत तर खडखडीत आहे. घरात अजून कोण असतं, आजी?"

"कोणी असतं तर तुझ्याशी एवढं बोलले असते का रे?"

मी चहा ठेवायला वळले. मागून त्याचा आवाज आला, एकदम हळू.

"आजी, मग तुमच्या खांद्यावर ही लाल बोटं कोणाची?"