आवाजाचा कॅमेरा

"हाही नको." तुळशीदास गुरुजींनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. "ह्याचा आवाज फारच बारीक आहे."

"गुरुजी, कॅमेरा घ्यायला आलात का रेडिओ?" गोरख हसला. जव्हारच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. खिशात मावणारे जुने डिजिटल कॅमेरे त्यानं कपाटाच्या तळातून उकरून काढले होते. "काकीचेच फोटो काढायचे ना? मग तुमच्या मोबाइलमध्ये याच्याहून चांगले येतात की!"

गुरुजी ओशाळले. दुकानात शिरल्यापासून त्यांना वाटतच होतं, आपण काहीतरी खुळ्यासारखं मागतोय. त्यांनी मागं स्टुलावर बसलेल्या बायकोकडं, कमूकडं पाहिलं. काचबिंदूनं तिची नजर पार गेली होती. तेव्हापासून ती कुणाला फोटो काढू देत नव्हती. "मोबाइल कधी दाबता ते कळतच नाही," म्हणायची. "बावळटासारखं तोंड करून बसलेली असेन मी."

पूर्वी तसं नव्हतं. पोशेऱ्याच्या शाळेवर असताना गुरुजींनी रोलचा कॅमेरा घेतला होता. चारचौघांत दोन शब्द बोलायचे तर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. कॅमेऱ्याआड मात्र बरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी जीपनं दाभोशाला जायचं, कमूला धबधब्यापुढं उभं करायचं. ती श्वास रोखून ताठ उभी राहायची. खट् झालं, की सगळा श्वास सोडून खळखळून हसायची. ते हसू एकाही फोटोत आलं नाही. पण गुरुजी फोटो काढायचे ते त्या हसण्यासाठीच.

आताही त्यांना तेवढंच हवं होतं.

गोरखनं आणखी एक कॅमेरा पुढं केला. चंदेरी, कोपरे घासलेला. चालू करताच भिंग झर्रकन बाहेर आलं. गुरुजींनी डोळे मिटून खटका दाबला.

खट्.

"कमू, ऐकलंस? हा चालेल?"

"द्या इकडं."

कमूनं कॅमेरा चाचपला. बाहेर आलेल्या भिंगावरून बोट फिरवलं. मग वरचा उंच खटका सापडला. "हा बरा. मोबाइल मेला नुसता गुळगुळीत. बोटाला काही कळतच नाही."

"मग घेऊ या? घरी गेल्यावर अंगणात तुझा पहिला फोटो..."

"माझे पेटीभर आहेत," कमू म्हणाली. "तुमचा एक तरी आहे का घरात?" तिनं कॅमेरा दोन्ही हातांनी धरून भिंग पुढं केलं. "आता मी काढणार."

समोर कॅमेरा रोखलेला पाहून गुरुजी सवयीनं बाजूला सरकले. भिंग गोरखवर येऊन थांबलं.

"काकी, हा मी!" गोरख ओरडला. "गुरुजी पळाले तिकडं, खिडकीकडं!"

"तू नको सांगू रे. त्यांना बोलू दे." कमू वाट पाहत राहिली. "अहो, बोला ना!"

"काय बोलू?"

"काहीही. तुम्ही कुठं उभे आहात ते कळायला नको मला?"

गुरुजींनी आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. त्यातलं एकही वाक्य या वेळी कामाला येईना. त्यांनी गोरखकडं पाहिलं, काउंटरकडं पाहिलं, घसा खाकरला.

"मी... इथं आहे."

भिंग त्यांच्या दिशेनं थोडं वळलं. अजून भलतीकडंच होतं.

"एवढ्यानं नाही भागत," कमू म्हणाली. "बोलत राहा. लग्नापासूनचं शिल्लक आहे तुमचं."

गोरखनं उठून डोक्यावरचा घरघरणारा पंखा बंद केला. गुरुजी बोलू लागले.